एक गाळलेलं दार



रोज रात्री झोपताना मी प्रभूची प्रार्थना म्हणते. लहानपणापासूनची सवय. आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तूही आम्हाला कर, असं आपण त्यात देवाला सांगतो. ते इतकं पाठ झालंय की आपण काय कबूल करतोय हे मनापर्यंत पोचतच नाही. माझ्या मनापर्यंत ते पोचलं ते घोडपदेवच्या आमच्या चाळीतल्या पाण्याच्या मोटारीमुळे!

मोटारीच्या वर्गणीचे पैसे माझ्याकडे असायचे. भर मीटिंगमध्ये शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "बाईंनी पैसे खाल्ले." हिशोब पै न् पै जुळला, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही. जन्मभर मुलांना खरेपणा शिकवलेल्या मला ते फार लागलं. चार वर्षं बोलणं बंद. नाताळात करंज्या-शंकरपाळ्यांच्या ताटल्या सगळ्या दारांत जायच्या, ते एक दार सोडून. आणि रात्रीची प्रार्थना चालूच!

त्याच सुमारास लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. १९०० मध्ये लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या, पण स्वतः विचार करून. पुस्तकाचा पहिला भाग १९३४ मध्ये आला, तेव्हा टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. नवऱ्याचा तापटपणा, स्वतःचे हाल, बाई काही लपवत नाहीत. पण सांगतात हसत. मला वाटतं, क्षमा ती हीच. झालेलं आठवतं, पण त्यातलं विष गेलेलं असतं.

क्षमा म्हणजे अन्याय चालवून घेणं मात्र नव्हे. १९९९ मध्ये ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जिवंत जाळलं. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली, तरी खटला चालला आणि शिक्षाही झाली. म्हणून मार खाणाऱ्या सुनेला कुणी "तू ख्रिस्ती ना, मग सोसून घे" असं म्हटलं की मला संताप येतो. क्षमा करायची की नाही हे ज्याला लागलंय त्याने ठरवायचं, इतरांनी नाही.

त्यापुढे माझं दुखणं केवढंसं! त्या नाताळात ताटली घेऊन गेले. वहिनींनी दार उघडलं, क्षणभर बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "या बाई, बसा." माफी त्यांनी मागितली नाही, अजूनही नाही. मीही विषय काढला नाही. हिशोब मात्र तेव्हापासून दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावते.

राग काही एका दिवसात गेला नाही. त्या जिन्यात दिसल्या की पोटात ढवळायचं. तरी "जेवलात का?" एवढं विचारायचंच, असं मी ठरवलं होतं. आधी मनात प्रेम यावं लागतं, मग माणूस चांगलं वागतो, असं मला वाटायचं. माझ्या बाबतीत उलटंच झालं.

दोन दिवसांनी ताटली परत आली. रिकामी परत करायची नाही, ही आपली रीत. त्यात चिमूटभर साखर होती.

तुमच्याही फराळाच्या यादीतून एखादं दार गाळलेलं असेल, तर यंदा बघा, जमतंय का...