सरासरीत न मावणारी घरं

यंदा वर्षभर एक आकडा मनाला टोचत राहिला. जुलै २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर १.५५ टक्क्यांवर आला आणि आठ वर्षांतला नीचांक म्हणून त्याचं कौतुक झालं. भाज्या, डाळी उतरल्या होत्या, हे खरंच. पण त्याच महिन्यात खाद्यतेल आदल्या वर्षीपेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी चढलं होतं. आणि कांदा स्वस्त झाला, तो नाशिकच्या शेतकऱ्याच्या पदरचं घालवून.

महागाईचा दर सगळ्यांचा एकच धरायचा, इथेच चूक होते. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीनुसार गावाकडच्या घराचा ४७ टक्के खर्च खाण्यापिण्यावर होतो, शहरात जवळपास ४० टक्के. हातावर पोट असलेल्या घरात हा वाटा याहून मोठा. दिवाळीच्या तोंडावर किराणा दुकानात उभं राहावं. कुणी तेलाचा पंधरा लिटरचा डबा गाडीत ठेवायला सांगतं. शेजारी धुणीभांडी करून आलेली बाई अर्ध्या लिटरची पिशवी घेते, भाजणी अर्धा किलो मागते आणि मुलीला सांगते, ‘करंज्या राहू देत, शंकरपाळे करू.’ थोडं थोडं घेणाऱ्याला तेच तेल लिटरमागे महागच पडतं.

केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता जुलै २०२५ पासून ५८ टक्के झाला. तो त्यांचा हक्कच आहे; कुणी त्याचा हेवा करू नये. पण ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेतल्या निवृत्तांचं किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपयांवरच थांबलं आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईला तर भत्ताच नाही. पगारवाढ मागायची म्हणजे काम सुटायची धास्ती. किमान पेन्शन महागाईशी जोडा, ही मागणी आम्ही इथे स्पष्टपणे मांडतो. आणि घरकामाचा पगार दर दिवाळीला वाढवणं तर आपल्याच हातात आहे.

सप्टेंबरच्या पुराने मराठवाडा, सोलापूरकडच्या कितीतरी घरांतली दिवाळी आधीच वाहून नेली. आमच्या यंदाच्या दिवाळी अंकाचा विषयही ‘घर’च आहे. नेहमीप्रमाणे कथा, कविता, लेख आहेतच. ते वाचा, आम्हाला कळवा. आणि यंदाचा फराळ करण्याआधी आपल्या घरी राबणाऱ्या बाईचा पगार वाढवा.



– संपादक