काऊची हाक
पहिली-दुसरीतलं मूल संवाद एका सुरात वाचतं, तेव्हा ‘जरा हावभावांसह वाच’ म्हणून काही साधत नाही. ते नुसतं मोठ्यानं ओरडतं. त्याऐवजी विचारावं, कोण बोलतंय, कोणाशी, आणि त्याला हवंय काय? चिऊ-काऊच्या गोष्टीत काऊचं शेणाचं घर पावसात वाहून गेलंय, चिऊच्या दाराशी तो कुडकुडतोय. चिऊ बाळाच्या आंघोळीची, तीट लावण्याची कारणं देत राहते आणि काऊ पुन्हा पुन्हा ‘दार उघड’ हेच शब्द उच्चारतो. थंडी मात्र वाढलेली असते. हे मुलांना पटकन उमगतं, आवाज आपोआप बदलतो. खरी अडचण वेगळीच. ‘म्हणाला’ अनेकदा वाक्य संपल्यावर येतं, तोवर भलताच सूर लागलेला असतो. म्हणून उतारा आधी मनात वाचू द्यावा, मगच मोठ्यानं. दुसऱ्या दिवशी काऊ झालेल्या मुलाला चिऊ करावं.