लेकरांच्या कमरेला ओटी नको, हातात पाटी पाहिजे

दसरा झाला की खाली अकोटच्या काळ्या रानात पऱ्हाटी फुटते आणि मेळघाटातली आपली गावं रिकामी होतात. मायबापासंग लेकरंही उतरतात. नाव शाळेच्या हजेरीपटावर, लेकरू कापसाच्या वावरात.

आम्ही मायबापाला दोष देत नाही. वेचणी किलोवर, दर कमी. म्हणून लेकराचे दोन हातही लागतात. पण लेकरं वेचतात म्हणूनच दर वाढत नाही, हेही समजून घ्या.

कायदा आपल्या बाजूनं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ६ ते १४ वर्षांचं लेकरू जिथं गेलं तिथल्या सरकारी शाळेनं घ्यावंच लागते. दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. रोजगार हमीचं काम मागितल्यापासून १५ दिवसांत द्यावं लागते, नाहीतर बेकारी भत्ता.

म्हणून दसऱ्याआधी ग्रामसभा भरवा, नमुना ४ भरा, पोच घ्या. गावातच काम मिळालं तर खाली कायले जायचं?

२००६ च्या वनहक्क कायद्यानं जमिनीचा पट्टा आपण मिळवूच. पण त्यावर काय लिहिलं ते आपल्या लेकराले वाचता आलं पाहिजे. नाहीतर उद्याही दुसराच कोणी वाचील आणि आपण अंगठा देऊ.