‘सिद्ध झाले’ म्हणजे कसे?

वर्तमानपत्रात ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे’ असे छापून आले की आपण ते मुकाट्याने मान्य करतो. कसे सिद्ध केले, हे विचारीत नाही. त्याचे उत्तर मूळ शोधनिबंधात असते, आणि तो वाचणे हायस्कूलच्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर नाही, असे माझे मत आहे.

प्रयोगवहीतील उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे मथळे आठवा. शोधनिबंधाची मांडणी फारशी निराळी नसते. आरंभी गोषवारा, मग प्रास्ताविक, कार्यपद्धती, निरीक्षणे, चर्चा आणि शेवटी संदर्भ. बहुतेक वाचक गोषवाऱ्यावर थांबतात. निबंधाचा कस मात्र कार्यपद्धतीत लागतो.

रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांचा १९५० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला निबंध पाहा. धूम्रपानाचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी संबंध आहे काय, हा त्यांचा प्रश्न. लंडनमधील रुग्णालयांतल्या ६४९ कर्करोगी पुरुषांपैकी धूम्रपान न करणारे अवघे २ निघाले. यावरून काय सिद्ध होते? काहीच नाही! त्या काळी तेथे बहुतेक पुरुष धूम्रपान करीतच. म्हणून त्यांनी प्रत्येक रोग्याच्या जोडीला त्याच वयोगटातला, पण हा कर्करोग नसलेला रुग्ण घेतला. या दुसऱ्या ६४९ जणांत धूम्रपान न करणारे २७ होते. आता तुलना झाली.

पण शंकेखोर वाचक म्हणेल, मुलाखत घेणाऱ्या समाजसेविकांना रोग ठाऊक असेल, तर कर्करोग्याला त्या नकळत अधिक खोदून विचारतील. लेखकांनी ही शंका स्वतःच घेतली आहे. काही रुग्णांना कर्करोगी समजून प्रश्न विचारले गेले. पुढे ते निदान चुकीचे ठरले. त्यांच्या सवयी कर्करोग्यांसारख्या नव्हे, तर इतर रुग्णांसारख्या निघाल्या. साऱ्या निबंधात मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. बातमीत असले काही येत नाही.

शिक्षकांना एक विनंती. अनुमान आधी लिहून निरीक्षणे मागाहून जुळवण्याचा प्रकार आपण सारेच जाणतो. वर्षातून एकदा तरी असा निबंध वर्गात घ्यावा. इंग्रजीची अडचण येईल, तेवढे भाषांतर करून द्यावे. कोष्टकांना तर भाषा लागतच नाही. गोषवारा व चर्चा झाकून ठेवावी आणि निष्कर्ष मुलांनाच लिहू द्यावा. मग झाकलेली पाने उघडून ताडून पाहावे. एखादी मुलगी लेखकांना न सुचलेली शंका काढील. तिला पैकीच्या पैकी गुण द्यावेत.