वसतिगृहात घातले तर सुधारेल का?

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा वसतिगृहाच्या आठवणी लिहाव्यात, असेच प्रथम मनात आले. पहाटे पाचची घंटा, पत्र्याच्या सभागृहातील सामूहिक वंदना, ताट-वाटी घेऊन लागलेली जेवणाची रांग, अधीक्षक गुरुजींचा धाक आणि त्या धाकाआडची माया. या आठवणी इतरांच्या लेखांतून येतीलच, आणि माझ्यापेक्षा चांगल्या रीतीने येतील. मी मात्र अशा एका मुलाविषयी लिहिणार आहे, जो बहुधा कोणाच्याच आठवणीत उरलेला नाही.

आम्ही सहावीत असताना तो आमच्या खोलीत आला. घंटा वाजली की तो दोन्ही कानांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून उभा राही. भात आणि वरण एकमेकांना लागलेले त्याला चालत नसे. "तुला पाणी पाहिजे का?" असे तो आम्हाला विचारी, आणि आम्ही नको म्हटले की रडू लागे. तहान त्यालाच लागलेली असे. आईच्या तोंडचा प्रश्न तो जसाच्या तसा उच्चारत होता, हे मला पुढे कित्येक वर्षांनी उमगले. तालुक्याच्या स्थानकातून सुटणाऱ्या सगळ्या एस.टी. गाड्यांच्या वेळा त्याला तोंडपाठ होत्या, म्हणून आम्ही त्याला 'कंट्रोलर' म्हणत असू. सकाळच्या वंदनेनंतर पाच मिनिटे सारे शांत बसत, तेवढ्या वेळात तो कधी हलत-डुलत नसे की कानांवर हात ठेवत नसे. दिवसातील बाकीच्या वेळी त्याला निवांतपणा असा नव्हताच. आम्ही तर गंमत म्हणून त्याच्या कानाजवळ ताटावर चमचा आपटत असू. त्या आपटणाऱ्यांत मीही होतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आला नाही. "पोरगं रमलं नाही," एवढेच आम्हाला सांगण्यात आले.

पुढे मी शिक्षक झालो आणि वयाच्या ३४ व्या वर्षी एका प्रशिक्षणात स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, लक्षणे ऐकली. वहीत टिपणे घेता घेता हात थांबला. तिथून मी विशेष शिक्षणाकडे वळलो. आता पालक मुलांना घेऊन माझ्याकडे येतात, आणि त्यांतले निम्मे तरी एकच प्रश्न विचारतात: "सर, तुमच्या शाळेच्या वसतिगृहात घातलं तर सुधारेल का? चार पोरांत राहील, शिस्त लागेल." हा प्रश्न विचारणाऱ्या आईबापांना मी दोष देत नाही. आपल्या समाजातील दोन-तीन पिढ्यांना वसतिगृहाने माणसात आणले आहे. ज्या गोष्टीने आपले भले झाले, तिनेच लेकराचेही होईल, असे त्यांना वाटते. तरीही माझे उत्तर स्पष्ट आहे. शिस्त लागावी म्हणून स्वमग्न मुलाला वसतिगृहात घालू नका.

हे केवळ माझ्या अनुभवाचे बोल नाहीत. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ मध्ये ११ मुलांच्या नोंदींवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला आणि स्वमग्नतेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र स्थान मिळाले. त्यातील पहिला मुलगा होता डोनाल्ड ट्रिपलेट, अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहान गावचा. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला कोवळ्या वयातच एका निवासी संस्थेत ठेवण्यात आले. तिथे तो कोमेजला, कोणाकडे लक्ष न देता नुसता बसून राहू लागला. सुमारे वर्षभराने आईवडिलांनी त्याला घरी आणले. नऊ वर्षांचा झाल्यावर त्याला जवळच्या एका शेतकरी दांपत्याकडे राहायला पाठवले. डोनाल्डला मोजण्याचा भारी नाद. मक्याच्या ओळी तो पुनःपुन्हा मोजत बसे. त्या दांपत्याने मोजणे बंद करण्यासाठी त्याला कधी रागे भरले नाही. त्यांनी त्याच्या हाती नांगर दिला आणि नांगरता नांगरता ओळी मोजायला सांगितल्या. मापे घेण्याची हौस होती, तर विहीर खणायला लावून तिची खोली किती झाली, ते सांगायला लावले. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करून आणी, तर त्यांना पुरण्यासाठी त्याला जागा नेमून दिली. पुढे डोनाल्ड पदवीधर झाला, त्याने गावातल्या बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडला आणि २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी वारला. बँक त्याच्या आजोळच्या मंडळींची होती, हेही सांगितले पाहिजे. आपल्या मुलांच्या पाठीशी बँक नसते. पण ते शेतकरी दांपत्य काही श्रीमंत नव्हते, आणि मुलाला वळण लागले ते त्यांच्याच शेतात.

याच कॅनरने १९७१ मध्ये त्या ११ जणांचे पुढे काय झाले, याचा मागोवा घेतला. जी मुले मोठमोठ्या सरकारी संस्थांत कायमची ठेवली गेली, ती होते तेवढेही गमावून बसली होती. म्हणून डोनाल्डची हकिगत मी पालकांना सांगतो. मुलाला कुठे ठेवावे, हा पुढचा प्रश्न आहे. तिथल्या माणसांना त्याचे मोजणे खपते की नाही, ते आधी पाहावे लागते.

'स्वमग्न' हा आपला शब्द मला पुरता पटत नाही. मूल स्वतःतच मग्न आहे, त्याला इतरांची ओढ नाही, असा त्यातून अर्थ निघतो. प्रत्यक्षात आमच्या 'कंट्रोलर'ला बोलायचे असे. गाड्यांच्या वेळा सांगत तो आमच्या मागे मागे फिरे; कान देणारा कोणी नव्हता. डॅमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये हेच सूत्ररूपाने मांडले. न कळणे दोन्ही बाजूंनी असते, आणि शिकण्याचे ओझे मात्र एकट्या स्वमग्न व्यक्तीवर टाकले जाते. आईवर टाकले जाणारे ओझे तर याहून जुने. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हा समज पश्चिमेत अनेक वर्षे विद्वानांनीच पोसला. आपल्याकडे विद्वानांची गरज पडत नाही. "आईने लाडावले" म्हणायला शेजारीण पुरते. मेंदूची घडण जन्मापासून वेगळी असते, त्यात आईचा दोष नाही, हे आजी-आजोबांना बसवून सांगणे हे माझ्या कामातील पहिले काम असते.

वर्तनाकडे कसे पाहावे, याचे एक उदाहरण देतो. एका प्राथमिक शाळेतील मुलगी स्वतःच्या मनगटाला कडकडून चावे. बाईंनी समजावून पाहिले, रागावून पाहिले, चॉकलेटही देऊन पाहिले. मी त्यांना एक साधी वही घालायला सांगितली. चावण्याआधी काय घडले, कोण जवळ होते, चावल्यानंतर काय झाले, एवढेच तीन रकाने. तीन आठवड्यांनी वहीतून दिसले की बहुतेक प्रसंग कवायतीच्या दिवशीचे, आणि तेही शिट्टीनंतरचे. गुरुजींनी शिट्टी सोडून हात वर करून इशारा द्यायला सुरुवात केली. चावणे बरेच कमी झाले. संपले नाही. पावसाळ्यात पुन्हा सुरू झाले, तेव्हा ओला गणवेश अंगाला चिकटतो, हे कारण सापडायला आणखी महिना गेला. हे काम असेच चालते. मूल हट्ट करते तेव्हा त्याला काहीतरी हवे असते आणि ते मिळाले की ते थांबते. गोंगाट, गर्दी किंवा अचानक बदल सोसवेनासा होऊन जेव्हा मूल कोसळते, तेव्हा ते कशानेच थांबत नाही. त्याला तिथून शांत जागी नेऊन वाट पाहावी लागते. या दोन अवस्थांतला फरक न कळल्यामुळे जेवढा मार आजवर स्वमग्न मुलांनी खाल्ला असेल, तेवढा दुसऱ्या कशाने नसेल.

सामाजिक कौशल्ये म्हणून काय शिकवतो, तेही तपासायला हवे. "माझ्याकडे बघून बोल" असा आग्रह पुष्कळ शिक्षक धरतात. डोळ्याला डोळा देणे यांतल्या अनेक मुलांना इतके जड जाते की तसे करताना ऐकणेच राहून जाते. पाहुण्यांपुढे हात जोडून कविता म्हणून दाखवणे म्हणजेही कौशल्य नव्हे. मी आधी तीन गोष्टी शिकवतो: मदत मागणे, पाळीची वाट पाहणे आणि 'नको' म्हणणे. बोलता येत नसेल, तर चित्राच्या कार्डावर बोट ठेवून. पाळीची वाट पाहणे कॅरम खेळताना किंवा हातपंपावर जितके लवकर येते, तितके वर्गातील उपदेशाने येत नाही. आणि 'नको' हा शब्द निवासी शाळेच्या संदर्भात मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. मोठी माणसे सांगतील ते निमूट करायचे, एवढेच ज्याला घोटून शिकवले आहे, ते मूल रात्री कोणी अंगचटीला आले तर काय करील? कोणाला सांगील, आणि कसे? आज्ञाधारकपणाला चांगले वर्तन मानणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

मग आपल्या शाळेने या मुलांना दारातूनच परत पाठवावे काय? तसे करता येणार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये नोंदलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, आणि मान्यताप्राप्त शाळेला भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो. कायदा बाजूला ठेवला तरी आपल्यापाशी एक गोष्ट अशी आहे की जी शहरातील महागड्या केंद्रांनाही जमवावी लागते. ती म्हणजे ठरलेला दिनक्रम. स्वमग्न मुलाला पुढे काय होणार हे आधी कळले की त्याचा निम्मा घोर कमी होतो. आपला दिनक्रम फळ्यावर अक्षरांत लिहिलेला असतो. तो छायाचित्रांत लावावा. स्नेहसंमेलनासारखा वेगळा दिवस असेल, तर मंडप, ध्वनिक्षेपक, गर्दी यांची चित्रे आठवडाभर आधी दाखवावीत. ग्रंथालयाचा मागचा कोपरा शांत कोपरा म्हणून राखावा. दोन जाणती मुले जोडीदार म्हणून नेमावीत. त्यांना आधी नीट समजावून सांगावे, हे मी ताट वाजवणारा म्हणून सांगतो. आणि सुरुवात दिवसा येऊन-जाऊन शिकणाऱ्या, जवळपासच्या गावांतील दोन मुलांपासून व्हावी. मुक्काम पुढे, मूल स्वतःहून तयार झाले तर, आणि तोही आधी एका रात्रीचा.

एका अधीक्षकाने शंभर मुले सांभाळायची आणि वर हे करायचे, हे अशक्य आहे, असे आजचे अधीक्षक म्हणतील. ते बरोबर म्हणतील. म्हणूनच एक प्रशिक्षित विशेष शिक्षक लागेल, आणि त्याच्या मानधनाचा प्रश्न येईल. माजी विद्यार्थी संघाने या वर्षीच्या निधीतून प्रवेशद्वारावर कमान उभारण्याचे योजले आहे. कमानीला माझा विरोध नाही. ती दोन वर्षांनीही उभारता येईल, एवढेच माझे म्हणणे आहे.

पालकांसाठी थोडे व्यावहारिक. मुलाचे बोलणे उशिरा आले, नावाने हाक मारली तरी वळत नाही, बोटाने दाखवत नाही, असे दिसले तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून थांबू नये. अनेक जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे, तिथे तपासणी करता येते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून घ्यावे. केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो आणि त्यातून उपचारपद्धतींच्या खर्चालाही हातभार लागतो. बरे करून देतो म्हणणाऱ्याला, मग तो अंगारा देणारा असो की इंजेक्शन देणारा, पैसे देऊ नयेत.

गेल्या महिन्यात मी शाळेच्या कार्यालयात जाऊन आमच्या वर्गाचा जुना हजेरीपट पाहिला. त्याचे नाव आहे, गावही आहे. नोव्हेंबरपासून पुढे नुसती गैरहजेरी मांडलेली आहे आणि मार्चमध्ये लाल शाईने नाव खोडले आहे. त्या गावी जाण्याचे मी ठरवले आहे. तत्पूर्वी संघाच्या वार्षिक सभेत विशेष शिक्षकाच्या मानधनाचा ठराव मी मांडणार आहे. ज्यांना तो मान्य नसेल, त्यांनीही सभेला यावे आणि आपले म्हणणे मांडावे, ही विनंती.