पायाळू बाळाला तपासणी हवी, अंधश्रद्धा नको!

पायाळू माणसाची लाथ बसली की कंबरेची उसण जाते, ही समजूत समाजातून अजून गेलेली नाही. वैद्यकशास्त्र वेगळेच सांगते. पायाळू बाळाचा खुबा खोबणीत नीट न बसण्याचा धोका जास्त असतो; मुलगी असेल तर आणखी जास्त. पहिल्या सहा महिन्यांत हे ओळखले, तर बहुतेक बाळांना शस्त्रक्रिया लागत नाही. चेक डॉक्टर अर्नोल्ड पाव्लिक यांनी १९४० च्या दशकात पुढे आणलेले पट्टे बाळाचे पाय दुमडून, मांड्या फाकवून धरतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांत खुबा बहुधा जागेवर स्थिरावतो. उशीर झाला, तर ऑपरेशन, प्लास्टर, प्रसंगी जन्मभराचे लंगडणे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चे कलम २५ मुलांची वर्षातून एकदा तपासणी सांगते. पण खुबा वर्षभर थांबत नाही! २०१३ सालचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम प्रसूतीच्या ठिकाणीच तपासणी सांगतो. ती कागदावर राहता कामा नये, अशी आमची मागणी आहे. घरी सोडण्यापूर्वी आणि पुढे लसीकरणाच्या वेळी, 'खुबा तपासला का?' असे मातापित्यांनी ठणकावून विचारावे. हे उपकार नव्हेत, बाळाचा हक्क आहे.

आणि मायबहिणींनो, बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात गच्च बांधू नका.