वाफेचा चिकटपणा

थंडीच्या दिवसांत काकवीची बरणी तिरपी केली तरी धार लवकर सुटत नाहीं. तीच बरणी घटकाभर उन्हांत ठेवली कीं काकवी सहज ओघळते. उष्णतेनें द्रवाचा चिकटपणा कमी होतो, हें आमच्या गृहिणींस शास्त्रज्ञांनीं सांगावयास नको. परंतु द्रवाची वाफ झाली म्हणजे न्याय उलटतो. दगडी कोळशाच्या डांबरांतून निघणाऱ्या बेंझीनची वाफ जों जों तापवावी, तों तों ती अधिक चिकट होते!

'वाफ' आणि 'चिकट' हे शब्द शेजारीं पाहून वाचकांस हंसूं येईल. पण वायूचे थर एकमेकांवरून सरकतांना मंद थरांतील रेणु वेगवान् थरांत शिरतात व त्यास मागें ओढतात. हेंच वायूचें अंतर्घर्षण. उष्णतेनें ही ये-जा वाढते, म्हणून ओढही वाढते.

दाबाची गोष्ट याहून विलक्षण आहे. वायु विरळ केला तरी त्याचें अंतर्घर्षण बदलूं नये, असें जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं १८६० सालीं गणितानें काढलें. रेणु निम्मे झाले तरी प्रत्येक रेणु टक्कर न होतां दुप्पट लांब जातो, हें त्याचें कारण. मात्र त्यांना ठाऊक असलेला एकुलता एक प्रयोग या निष्कर्षास अनुकूल नव्हता. रेणूंच्या धांवपळीची सारी उपपत्तीच पणास लागली. तेव्हां लंडनमधील आपल्या घराच्या माळ्यावर त्यांनीं स्वतःच प्रयोग मांडला. तारेनें टांगलेल्या कांचेच्या चकत्या बंद पात्रांत उलटसुलट फिरत. ते हेलकावे किती लवकर मंदावतात तें पाहावयाचें. खोली तापविण्यासाठीं ऐन उन्हाळ्यांत मोठा विस्तव पेटवून त्यावर किटल्या उकळत ठेवल्या. विस्तव राखण्याचें काम त्यांच्या पत्नी कॅथरीन यांनीं तासन् तास केलें. (किती पाठ्यपुस्तकांत या बाईंचें नांव सांपडतें?) पुढें बर्फ आणून तीच खोली गार केली. पाऱ्याच्या ३० इंचांपासून अर्ध्या इंचापर्यंत दाब उतरविला, तरी घर्षण तेंच! हा वृत्तांत १८६६ सालीं प्रसिद्ध झाला.

हवेपेक्षां बेंझीन, ईथर यांच्या वाफा मोजणें अवघड. दाब थोडा अधिक झाला किंवा नळीचा एखादा भाग गार राहिला कीं वाफ थिजून थेंब बनते, आणि केसासारख्या नळींत एक थेंबही मोजमाप बिघडवितो. रँकिन यांनीं १९१० सालीं वायूंसाठीं काढलेली युक्ति पुढें वाफांसही लावण्यांत आली. कांचेच्या बंद वलयांत एका बाजूनें पाऱ्याचा थेंब खालीं घसरतो व दुसऱ्या बाजूच्या बारीक नळींतून वाफेस ढकलतो. घसरण्यास लागणारा वेळ हेंच चिकटपणाचें माप. वलय बंद असल्यामुळें तें सबंधच तापवितां येतें.

साध्या उष्णतामानास बेंझीनची वाफ हवेच्या निम्म्याहूनही कमी चिकट भरते. अंतर्घर्षण निरपेक्ष उष्णतामानाच्या प्रमाणांत वाढतें, असा मॅक्सवेलसाहेबांचा निष्कर्ष होता. ज्या हवेवर त्यांनीं तो काढला, तिला तो पुरता लागू पडला नाहीं. तिचें घर्षण त्याहून सावकाश वाढतें. पण २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत बेंझीनची वाफ तापवावी, तर चिकटपणा जवळजवळ त्याच प्रमाणांत, सुमारें सव्वापट होतो.